चौदा दिवसांची नोंद

पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर जवळच्या ग्रंथालयात मंगळवारी आणि शुक्रवारी एका टेबलाशी बसू लागले. टेबलावर पाटी होती, ‘ज्येष्ठांसाठी अर्ज-मदत’. म्हातारी माणसं पिशवीत कागद कोंबून यायची आणि त्यातून त्यांच्या हक्काचं काही निघतं का, ते मी आणि तिथल्या आणखी दोघी, अशा आम्ही तिघी बघायचो.

थोड्याच दिवसांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. अर्जात विचारलेलं असतं, अंघोळ स्वतः करता येते का, जिना चढता येतो का. आणि प्रत्येक माणूस आपल्या चांगल्या दिवसाचं उत्तर देतो. एका निवृत्त पोस्टमनना मी विचारलं, “चालता येतं का?” ते म्हणाले, “आयुष्यभर दुसरं केलं काय मी?” आणि उठायला म्हणून त्यांनी टेबल असं धरलं की आम्हा तिघींचे कागद जमिनीवर आले. मी त्यांच्या अर्जात ‘आधाराशिवाय उभं राहता येत नाही’ असं लिहिलं. वाचून ते रागावले, पण भत्ता मिळाला. मला वाटलं, हे काम मला जमतंय.

टेलरमावशी आमच्याच इमारतीत, माझ्या खालच्या मजल्यावर राहायच्या. वय एक्याऐंशी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. एक खोली, एक मोरी, खिडकीशी शिवणयंत्र. यंत्र आता फारसं चालत नव्हतं, पण मोजपट्टी अजून गळ्यात असायची. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. मला त्या ‘तपासनीस’ म्हणायच्या. “काय गं तपासनीस, आज कुणाच्या पाण्यात काय सापडलं?”

त्यांचा मदतनीस भत्त्याचा अर्ज मीच भरला होता. भत्ता मिळाला तर रोज सकाळी दोन तास एक बाई येणार होती. नाही मिळाला, तर पुतण्या त्यांना आपल्या घरी नेणार होता. स्वयंपाकघरामागची लहान खोली त्यानं रिकामी करून ठेवली होती. तिथं पलंग मावत होता, यंत्र मावत नव्हतं.

भत्ता देणाऱ्या कार्यालयाचा माणूस पाहणीला आला तेव्हा मी तिथं नव्हते. काय झालं ते मावशींनीच सांगितलं, मोठ्या कौतुकानं.

“त्याच्या शर्टाचं बटण लोंबत होतं गं. एका दोऱ्यावर. म्हटलं, काढ इकडे.”

“आणि तुम्ही लावून दिलंत?”

“मग काय तसाच जाऊ देऊ? माझ्या घरातून?”

अहवालात आलं, ‘हातांची हालचाल उत्तम. नजर पुरेशी. मदतीची गरज दिसत नाही.’ अर्ज नामंजूर. अपिलाला तीस दिवस होते.

“मावशी, बटण लावलंत म्हणून नाही म्हणाले ते.”

“असं कसं? बटण चांगलं लावलं होतं मी.”

तेव्हा मला हसू आलं होतं.

अपील कसं लिहायचं ते मी जिना चढता चढता ठरवलं. मावशींना विचारून उपयोग नव्हता, त्या चांगल्याच दिवसाचं सांगणार. पुरावा पाहिजे होता, म्हणजे नोंद पाहिजे होती. आणि ज्याचं मोजमाप घ्यायचं त्याला ते कळलं की मोजमाप बिघडतं, हे मी तीस वर्षं नव्या मुलींना शिकवत आले होते. म्हणून मी मावशींना सांगितलं नाही. चौदा दिवस रोज सकाळी काहीतरी निमित्त काढून गेले. कधी वर्तमानपत्र दिलं, कधी पोळी-भाजी, कधी उसवलेली बाही. घरी आले की लगेच वहीत लिहायचे. दिवस, वेळ, काय दिसलं. मत नाही, अंदाज नाही, फक्त दिसलं ते.

‘दिवस चौथा. सकाळी ८.१०. बेल वाजवल्यापासून दार उघडेपर्यंत सात मिनिटं. अंगातला कपडा उलटा. खोलीत लघवीचा वास, त्यावर साबणाचा.’

‘दिवस नववा. वरची तीन बटणं उघडी. विचारल्यावर “गरम होतंय” असं उत्तर. बाहेर कडाक्याची थंडी.’

अशी सहा पानं झाली. टाइप करून अपिलाला जोडली. मावशींपुढे कागद ठेवला तेव्हा मी म्हटलं, “वाचून दाखवू का?” म्हटलं खरं, पण तोपर्यंत पेनाचं टोपण काढून पेन त्यांच्या हातात दिलंही होतं.

“तू लिहिलंयस ना? मग झालं,” त्या म्हणाल्या आणि सही केली.

ग्रंथपाल म्हणाले, असं अपील त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. टेबलावरच्या दोघी म्हणाल्या, आम्हाला नमुना म्हणून दे. मी नावावर कागदाची पट्टी चिकटवून प्रती काढून दिल्या. त्या दिवशी मी घरी जाताना उगीच लांबच्या रस्त्यानं गेले, इतकी खूश होते.

तीन आठवड्यांत निकाल आला. भत्ता मंजूर. स्वीकृतीपत्रावर एकवीस दिवसांत सही करून पाठवायची, नाहीतर मंजुरी रद्द.

पाकीट मावशींच्या नावानं आलं होतं. मोतीबिंदूमुळे त्यांना बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून त्यांनी ते रविवारपर्यंत ठेवलं. रविवारी पुतण्या आणि त्याची बायको यायची. मला हे सगळं सोमवारी जिन्यात कळलं. पुतण्याची बायको विसरलेली छत्री न्यायला आली होती.

“ताई, किती बारकाईनं लिहिलंत हो,” ती म्हणाली. “आम्हाला कल्पनाच नव्हती. निर्णयाला तुमची सगळी पानं जोडलीत त्यांनी.”

“पानं? मावशींनी बघितली?”

“त्यांना कुठलं दिसतंय? मीच वाचून दाखवली. मोठ्यानं वाचावं लागतं ना. मधेच म्हणाल्या, पुरे. पण हे म्हणाले, वाच, कळू दे सगळं. ह्यांना तर रडूच आलं.” तिनं छत्री काखेत धरली. “काकू काही सही करत नाहीत. यांचं म्हणणं, इतकं असेल तर दोन तासांच्या बाईनं काय होणार? घरीच न्यावं. महिनाअखेर खोली सोडू म्हणतात.”

ती वाईट बाई नाही. ती खाली गेल्यावर मी तिथंच कठड्याला धरून उभी राहिले. ते कागद मी फक्त कार्यालयासाठी लिहिले होते. कार्यालय ते परत पाठवील, आणि ज्यांना दिसत नाही त्यांना कुणीतरी वाचून दाखवील, एवढा साधा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. दूषित पाण्याचा अहवाल मी पाण्याला कधी पाठवला नव्हता.

पुढचे जवळजवळ दोन आठवडे मावशींनी दार उघडलं नाही. आत पावलं वाजायची, दारापाशी येऊन थांबायची, परत जायची. मुदतीला चार दिवस राहिले तेव्हा मी बेल न वाजवता दारावर टकटक केली आणि म्हटलं, “मावशी, मी आहे. शुक्रवारी मुदत संपते.”

दार उघडलं.

“ये, तपासनीस. घड्याळ आणलंस ना?”

खोली झाडलेली होती. केस विंचरलेले, सगळी बटणं लावलेली. यंत्रावर ते पाकीट होतं.

“बस. आणि वाच.”

“स्वीकृतीपत्र?”

“नाही. तुझं. सूनबाईच्या तोंडून ऐकलं. तिनं कुठं लिहिलं होतं? ज्यानं लिहिलं त्यानं वाचावं.”

मी म्हटलं, “मावशी, नको.”

“मी पण नको म्हटलं होतं. वाच.”

मी वाचायला लागले. माझा आवाज मूळचा लहान, तो आणखी लहान झाला. त्या म्हणाल्या, “मोठ्यानं. मला ऐकू कमी येतं, तेही लिहिलंयस तू. तिसऱ्या पानावर.” मी मोठ्यानं वाचलं. जे शब्द लिहिताना मला स्वच्छ वाटले होते, ते त्या खोलीत, त्या माणसासमोर उच्चारवत नव्हते. चौथ्या दिवसाशी त्यांनी मला थांबवलं.

“सात मिनिटं. बरोबर आहे?”

“हो.”

“त्या सात मिनिटांत मी काय करत होते, लिहिलंयस?”

“नाही.”

“गादी उलटी करत होते. खिडकी उघडली, साबणाचं पाणी शिंपडलं. कपडा बदलला, तो घाईत उलटा झाला. का, तर शेजारीण येतेय. एवढी शिकलेली बाई रोज सकाळी वाकडी वाट करून येते आपल्याकडे. इतकी वर्षं नव्हती येत. मी आपली वाट बघायचे. आणि तू दाराबाहेर मिनिटं मोजत उभी होतीस.”

मी कागदाकडे बघत राहिले. मेल्याहून मेल्यासारखं झालं, असं आपण म्हणतो. माझं डोकं मात्र नको इतकं जागं होतं. त्या चौदा दिवसांत मी तिथं किती वेळा चहा प्यायले हे मला आठवत नव्हतं, कारण ते मी लिहिलं नव्हतं.

“पन्नास वर्षं बायकांची मापं घेतली मी,” मावशी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “या रस्त्यावरच्या प्रत्येकीची. कुणाचं पोट सुटलं, कुणाच्या दंडावर वळ होते, कुणाला लग्नाआधीच दिवस गेले होते. मापाच्या वहीत नाव लिहीत नव्हते मी. एखादीला फूल, एखादीला पक्षी, अशी खूण. आणि माप घेताना तिला सांगायचे, हात वर कर, आता मागून घेते. आधी सांगायचं, मग हात लावायचा. झाकली मूठ म्हणतात ना, ती दुसऱ्याची झाकायची असते.”

“माझं चुकलं, मावशी.”

“चुकलं कुठं? एक आकडा चुकलेला नाही.” त्यांनी पाकिटावरची धूळ झटकली, नसलेली. “अजून कुणी वाचलंय हे?”

मला म्हणता आलं असतं, फक्त कार्यालयानं. सही अजून झाली नव्हती. सही नाही झाली तर यंत्र जाणार, खोली जाणार, आणि ते माझ्या उत्तरामुळे. हा हिशोब मी केला, आणि केला याची मला लाज वाटली.

“ग्रंथपालांनी,” मी म्हटलं. “आणि माझ्याबरोबर टेबलावर बसतात त्या दोघींनी. नमुना म्हणून दिलं मी. नाव झाकलं होतं.”

“नाव झाकलं,” त्या म्हणाल्या. “आणि मला उघडं ठेवलंस.”

खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“उद्या त्या प्रती परत आणते,” मी म्हटलं.

“त्यांच्या डोक्यातून कशा आणशील?” त्या उठल्या, यंत्राला धरून, आणि पेन शोधायला लागल्या. मी पेन पुढे केलं नाही. त्यांना ते खडूच्या डबीत सापडलं. “सही कुठं करायची ते दाखव. सहीपुरतं बोट ठेव, बाकी बोलू नकोस. पुतण्याला म्हणावं, बटण लावायला दोन तास पुष्कळ झाले.”

मी बोट ठेवलं. अक्षरं एकेक करून येत होती, मधे हात उचलून त्या थांबत होत्या. माझी नजर मनगटावरच्या घड्याळाकडे गेली. लगेच वळवली मी, पण गेली. त्यांनी बघितलं का, माहीत नाही. सही पूर्ण करून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

“हे तू टाक पोस्टात. आणि बाई येईल ना सोमवारपासून, तिला तू काही सांगायचं नाही. मला हवं तेवढं मी सांगीन.”

“बरं.”

“आणि सकाळची येत जाऊ नकोस. सकाळी आता मला कुणाची वाट बघायची नाही.”

दुसऱ्या दिवशी कागद पोस्टात टाकून मी तशीच ग्रंथालयात गेले. दोघींकडून प्रती मागून घेतल्या, का ते सांगितलं. एक म्हणाली, “पण मंजूर झालं ना?” दुसरी आपली फाइल चाळू लागली. तिच्याजवळ तसल्याच आणखी दोन नोंदी होत्या, माझ्या नमुन्यावरून केलेल्या.

सोमवारी मी भाजी घेऊन वर येत होते तेव्हा जिन्यात एक मध्यमवयीन बाई कागदावरचा पत्ता बघत उभी होती.

“टेलरबाई इथंच ना? मी कामाला आलेय त्यांच्याकडे.” तिनं आवाज खाली आणला. “तुम्ही शेजारी का? जरा सांगा ना, काय काय करावं लागतं आजींचं? स्वतःचं कितपत करतात?”

वर जाऊन सहा पानं आणली असती तर तिचं सगळं काम सोपं झालं असतं.

“मला नाही माहीत,” मी म्हटलं. “त्यांनाच विचारा.”

तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. इतक्या जवळ राहून म्हाताऱ्या माणसाची काडीची चौकशी नाही, असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर आलं. मग तिनं बेल वाजवली. मी भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि दार उघडायच्या आत जिना चढून गेले.