गोमतीची दहा बोटं

२०२४ सालचा एप्रिल. शुक्रवारी कुंभकोणात मतदान होतं आणि आमच्या शेजारची गोमती अडतिसाव्या वर्षी पहिल्यांदा मत द्यायला निघाली होती.

तिचे आईवडील सिलोनहून नावेने आलेले. ती मात्र १९८५ साली इथल्याच निर्वासित छावणीत जन्मली. सत्त्याऐंशीच्या जुलैआधी या मातीत जन्मलेला माणूस कायद्याने इथलाच, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. कळल्यावर सहा वर्षं कोर्टात गेली, तेव्हा कुठे ओळखपत्र हाती आलं.

आदल्या संध्याकाळी मी हौसेने तिच्या दहाही बोटांना मेंदी लावली. आमच्या कुंभकोणात नक्षी काढत नाहीत. बोटाचं टोक नखासकट माखतात.

"लग्नाला निघालीस की मताला?" आमच्या यजमानांनी, अप्पारावांनी टोमणा मारला.

"लग्नाला कुणी कागद मागितले नव्हते, मामा," गोमती म्हणाली.

केंद्रावर शाई लावणाऱ्या बाईंनी तिच्या डाव्या हाताचं पहिलं बोट पाहिलं. नख काळपट लाल.

"आधी कुठे मत देऊन आलात?"

"मेंदी आहे ती. मीच लावली," मी मागून म्हणाले.

"मामी, तुम्ही रांगेत राहा," शाईवाल्या बाई म्हणाल्या.

गोमतीने दोन्ही हात टेबलावर पसरले. "सावकाश बघा. छावणीत दर महिन्याला हजेरी घेऊन परदेशी म्हणून बघत होते. आज इथली म्हणून बघा."

केंद्राध्यक्ष उठून आले. खिडकीच्या उजेडात त्यांनी एकेक बोट पाहिलं. दहाही सारखीच. "नखावर मेंदी असू दे. कातडीवर शाई दिसेल. लावा."

ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. बराच वेळ काही ऐकू येईना. मग यंत्राचा लांब आवाज झाला. गुडघे दुखतात, ऊन आहे, नाचियार्कोविलला लग्न आहे, असल्या कारणांनी मी किती मतदानं बुडवली होती! तो आवाज मी जणू पहिल्यांदाच ऐकला.

तिच्या चपला उंबऱ्याबाहेर होत्या. माझी पाळी आली तेव्हा मीही नकळत माझ्या काढल्या.

अप्पाराव त्याच वर्षी मार्गशीर्षात गेले. शाईवाल्या बाई पुन्हा दिसल्या नाहीत. मी यापुढे एकही मतदान चुकवणार नाही असं ठरवलंय. गोमती आता गल्लीतल्या बायकांचे मतदारयादीचे अर्ज भरून देते. तिची आई समुद्रापलीकडे जन्मलेली, म्हणून अजून परदेशीच. दर महिन्याला गोमती तिला हजेरीसाठी बसने छावणीत नेते आणि सही होईपर्यंत दाराशी उभी राहते.