डबीवरचे चार शब्द

मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. पोटात बारा मिनिटांचा एक सामना आणि वर बुरशीचे दोन ठिपके, एवढाच माझा संसार. मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. मला स्वतःलाच आता फारसं काही वाटत नाही.

माझ्यात पंजा लढवण्याच्या स्पर्धेतली महिलांची अंतिम फेरी आहे. असल्या खेळाला विचारतो कोण? तरी एक हौशी कॅमेरावाला आला, त्याने सामना टिपला आणि माझ्या डबीवर पेन्सिलीने चार शब्द लिहिले. जिंकलेल्या बाईंना लोकांनी खांद्यावर घेतलं. काही दिवस मी घरोघर मिरवले. मग एका कंपनीने प्रक्षेपणाचे हक्क घेऊन मला कपाटात ठेवलं. पुढे खेळाची संघटना म्हणाली, हक्क आमचे. कंपनी म्हणाली, आमचेच. दोघींच्या कोर्टातल्या भांडणात माझ्यावर वीस वर्षं धूळ बसली.

मधेच कंपनीकडच्या प्रतीवरून कुणीतरी सामना चोरून इंटरनेटवर टाकला. चोरी पकडणाऱ्या यंत्राला ओळख पटू नये म्हणून त्याने चित्र आरशातल्यासारखं उलटं केलं. मागच्या फलकावरची अक्षरं चुगली करतील, म्हणून तीही पुसट केली. कपाट सांभाळणाऱ्या काकांनी तो सामना माझ्यासमोरच मोबाईलवर पाहिला. चोरीच्या मालाला लाखभर प्रेक्षक आणि मी कुलपात! तेव्हाही मला काही वाटलं नाही.

एका दुपारी एक मुलगी आपल्या आईला घेऊन आली. आई म्हणजे त्याच बाई, आता केस पांढरे झालेल्या.

"काका, एकदा लावून दाखवा ना. मोबाईलवर हिचाच सामना दाखवला, तर म्हणते, ही मी नव्हे! डॉक्टर म्हणतात, विसरायला लागल्यात, गोळ्या सुरू करू."

"अगं, ही उजव्याने लढतेय. मी डाव्या हाताने लढायचे," आई म्हणाली.

"आई, तू जेवतेस उजव्याने, लिहितेस उजव्याने!"

"ते माझ्या आईने मारून मारून शिकवलं. पंजा मी तिच्या चोरून खेळायचे."

काकांनी मान खाली घातली. "निकाल लागेपर्यंत कॅसेट लावायची मनाई आहे, बाळ. माझी नोकरी जाईल. डबी बघायला मात्र मनाई नाही."

त्यांनी शर्टाच्या बाहीने धूळ पुसली आणि वाचलं, "महिला, अंतिम, डावा हात."

आईने टेबलावर डावं कोपर टेकवून पंजा उघडला. मुलीने हात दिला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तो आडवा झाला. मुलगी रडायला लागली. आई नुसती बसून होती, फार दमल्यासारखी.

मित्रांनो, हक्कांची भांडणं मोठी माणसं भांडोत. तुम्ही आमच्यावरची धूळ तेवढी अधूनमधून पुसत जा. आणि कुणी "ही मी नव्हे" म्हणालं, तर आधी चित्र तपासा, माणूस मागाहून.

काकांनी मला पुन्हा कपाटात ठेवलं. मला काही वाटत नाही, असं मी म्हणाले होते. पण निघताना त्या बाईंनी माझ्यावर डावा हात ठेवला होता. तेवढं मला कळलं.