कंपनी बघायचा कार्यक्रम

१९९७ च्या मार्चमध्ये मला धुळ्याच्या परदेशी कंपनीचं पत्र आलं. पाच देशांतल्या तिच्या शाखांमधून रजेचे अर्ज नि पत्रव्यवहार फॅक्सने येई आणि धुळ्यात संगणकावर चढे. कामाला चाळीस जण होते, आता आणखी साठ घ्यायचे होते. त्या साठांत मी होते. अट एकच. पाळी रात्री आठपर्यंत, म्हणून मुलींच्या पालकांनी शनिवारी कार्यालय पाहून सही करायची. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला.

सही आजोबांची, हिलालआबांची. मुलगी द्यायचं घर एकट्याने बघायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. शनिवारी पिंपळनेरहून नऊ जणांच्या जीपमधून आम्ही चौदा जण निघालो.

मॅनेजर गिरधर सूर्यवंशी आमची रांग बघून खुर्चीतून उठलेच. आबा त्याच खुर्चीत बसले.

"साहेब, गाव कोनतं तुमनं?"

"शिरपूर."

"आनि मामाकूळ?"

साहेबांनी तेही सांगितलं. तानुबाई काकूने माठात हात घालून पाणी गार आहे का पाहिलं, संडासाची कडी लावून पाहिली. चिंधाकाकांनी पंखे मोजले. सगळ्या टेबलांवरची बोटं थांबली होती.

"आत्या, चला ना घरी," मी कुजबुजले.

"गप गं. बघू दे. तुले दिन्ही का आम्ही अजून?" भागाबाई आत्या म्हणाली.

कोणीतरी फिसकन हसलं. आबा मात्र हसले नाहीत. कागद पुढे होता, पेन बंद.

"उद्या ही कंपनी पयी गई तं आमनी पोर काय करी?"

पळून जाणाऱ्या घरात आबा मुलगी देणार नव्हते. आबा नाही म्हणाले की गावात कोणी दुसरं म्हणत नसे.

साहेबांनी मागचं दार उघडलं. आत पन्नास-साठ नव्या खुर्च्या, कागदात गुंडाळलेल्या.

"आबा, पयणारा मानूस घर वाढावस का?"

आबा खुर्च्या बघत राहिले. मग मोठ्याने हसले आणि पेनाचं टोपण काढलं.

"दिन्ही! पोर दिन्ही!"

तानुबाई काकूने लगेच गाणं धरलं, बाकीच्या बायकांनी उचललं. एक टंकलेखिका उठून टाळ्या वाजवू लागली, मग सगळ्याच. शाळेत शिकवल्याप्रमाणे मी मनगटावर बोट ठेवून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नाडी मोजली. एकशे सोळा. पुन्हा मोजली, तर एकशे चोवीस. मग मोजणं सोडलं आणि गाण्यात शिरले.