रुमालाचे दुसरे टोक

मित्रांनो, मी नाक पुसायचा रुमाल नव्हे; मी नाचातला एक जुना रुमाल आहे. माझी गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे.

ग्रीसच्या डोंगरातल्या आमच्या गावात वासिलो नावाच्या मुलीने मला आपल्या लग्नासाठी जवसाच्या सुताने विणले. त्सामिको नाचात सगळे हात धरून फेर धरतात, पण पहिला आणि दुसरा गडी यांच्यामध्ये मी असतो. पहिला उडी घेतो, मागे पार जमिनीकडे झुकतो आणि स्वतःच्या तळपायावर थाप मारतो. तेव्हा त्याचा सगळा भार माझ्यावर आणि माझा दुसऱ्या गड्यावर. म्हणून दुसऱ्याने पहिल्यावरून नजर हलवायची नाही, असा रिवाज. वासिलोचा नवरा नाचायचा, तिचा भाऊ धरायचा. गावच्या चौकातल्या चिनाराखाली वाहवा व्हायची ती पहिल्याची. दुसऱ्याचे नाव कोणी घेत नसे.

पुढे माणसे शहरात गेली. मी पेटीत पडून राहिलो आणि घडीवर विरलो.

गेल्या उन्हाळ्यात जत्रेतल्या नाचासाठी माझी पेटी उघडली. वासिलो आता नाही. तिचा धाकटा मुलगा वायोस अथेन्सच्या नृत्यपथकात नाचतो. पथक गावच्या जत्रेला आले आणि दुसऱ्या गड्याचा पाय मुरगळला. म्हणून त्याच्या जागी वायोसच्या थोरल्या भावाला, झिसिसला, मेंढ्यांमागून बोलावले. आईच्या शेवटच्या आजारात वायोस आला नव्हता. तेव्हापासून भावांत बोलणे नव्हते.

“ओळीत उभं राहायचं, तोंडं लोकांकडे,” पथकाच्या बाई म्हणाल्या. “आणि झिसिस, तुम्ही जरा हसा.”

“त्याला सवय नाही, बाई. मेंढ्या कुठं विनोद सांगतात?” वायोस म्हणाला.

“मेंढ्या निदान हाक मारली की येतात,” झिसिस म्हणाला.

कोणी हसले नाही.

मंच उंच होता; खाली फरशी. क्लॅरिनेटने संथ सूर धरला. वायोस पार कडेला गेला आणि मागे झुकला. झिसिस, सांगितल्याप्रमाणे, लोकांच्या खुर्च्यांकडे बघत होता. तेवढ्यात माझी विरलेली घडी उसवू लागली. वायोसचे डोके मंचाबाहेर होते. त्याला ते कळले, पण हाक मारायला जीभ उचलेना. एकेक धागा तुटत होता. मी कापड, मी कोणाला सांगणार?

“दादा,” तो शेवटी म्हणाला.

झिसिसने मान वळवली. लोकांकडे पाठ करून त्याने वायोसचे मनगट पकडले आणि त्याला आत ओढले. वाद्ये थांबली नाहीत. बाकीचेही त्यांच्याकडे वळले आणि ओळीचा फेर झाला. खुर्च्यांवरून आता नुसत्या पाठी दिसत होत्या.

“इथून काही दिसत नाही मेलं,” एक म्हातारी म्हणाली आणि काठी टेकत मंचाच्या पायऱ्या चढू लागली.

दुसऱ्या दिवशी झिसिसने मला लोकरीच्या धाग्याने शिवले. टाका ओबडधोबड आहे, पण घट्ट आहे.

“मी घेऊन जाऊ याला?” वायोसने विचारले.

“तो इथंच राहील. तू येत जा.”

मित्रांनो, मला मंचावर जरूर न्या, पेटीत मात्र कोंडू नका. विरलो तर वेळेवर टाका घाला. आणि पहिल्यासाठी टाळ्या वाजवताना एकदा दुसऱ्या गड्याकडेही बघा. तो तुमच्याकडे बघणार नाही. त्याने बघूही नये.