लाल सुतळी

त्या दिवशी शालिग्रामभाऊंनी सकाळचा चहा शेडच्या दारातच घेतला, बशीत ओतून, उभ्यानेच. समोर पटांगणात मिरचीचा लाल थर पसरला होता आणि कडेला बाया देठ खुडत बसल्या होत्या. फेब्रुवारीचे दिवस. या दिवसांत धामणगाव बढ्यात जो शिंकेल तो पाहुणा, असे भाऊ म्हणत.

"मंजू, त्या दोन पोत्याईत हात घालून पाह्य," ते लेकीला म्हणाले. "ओल हाये."

मंजुश्रीने हात घातला. आतली मिरची खडखडत नव्हती, बोटांत वाकत होती.

पोती बांधणाऱ्या जनकाबाईंनी कुणी सांगायच्या आधीच त्या दोन पोत्यांची पांढरी सुतळी सोडली आणि लाल बांधली. शेडची ती रीतच होती. मालात काही उणे असेल, तर पोत्याच्या तोंडाला लाल सुतळी. शेगावला देवानंदांची मसाल्याची गिरणी होती. बावीस वर्षे इथली मिरची तिथे जात होती आणि बावीस वर्षांत देवानंदांनी पांढऱ्या सुतळीचे पोते कधी तपासले नव्हते. सुतळी कापायची आणि थेट दळायला टाकायचे. लाल सुतळीचे ते बाजूला काढत, पुन्हा ऊन दाखवत. करार असा काही नव्हता. बावीस वर्षे पोती बांधणारे हातही तेच, जनकाबाईंचे.

मलकापूरच्या कॉलेजातली ग्रंथपालाची नोकरी सोडून मंजुश्री वर्षापूर्वी शेडवर आली होती. तिला ही रीत पटत नसे.

"आपली खोट आपणच मिरवायची का, बाबा?"

"मिरवत नाही वं, सांगून राह्यलो. त्यानं शोधली तं ते खोट. आपण सांगतलं तं नुसता ओला माल."

दुपारी पुण्याच्या एका कंपनीचे दोन अधिकारी शेड पाहायला यायचे होते. बोलावणे मंजुश्रीचेच. भाऊ मोताळ्याला एका लग्नाला गेले होते. ओळीने लावलेल्या चाळीस पोत्यांत ती दोन लाल तोंडे तिला सारखी खुपू लागली. जनकाबाई जेवायला गेल्या तेव्हा तिने स्वतःच्या हातांनी दोन्ही पोत्यांना पांढरी सुतळी बांधली. पाहुणे गेले की पुन्हा लाल बांधू, एवढाच विचार.

पाहुणे बोलतच राहिले. शेगावला जाणारा ट्रक वेळेआधी आला. हमालांनी पोती चढवायला घेतली आणि भाऊ लग्नाहून परतले. त्यांनी ओळीवरून नजर फिरवली.

"ते दोन लाल कुठं गेले वं?"

पाहुणे शेजारी उभे होते.

"वाळले," ती म्हणाली.

भाऊंनी पोते उघडले नाही. "बरं झालं," म्हणाले, आणि सगळा माल चढल्यावर ट्रकच्या फाळक्याची साखळी नेहमीसारखी स्वतः लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीचे पाणी काढताना ते खाली बसले, ते उठलेच नाहीत.

तेरवीला देवानंद आले, जेवून गेले. चार दिवसांनी त्यांचा फोन आला.

"बेटा, सांगू का नको असं झालं होतं मले. त्या गाडीतल्या दोन पोत्याईत बुरशी निघाली. दळण झाल्यावर रिकाम्या पोत्याईवरून समजलं, सगळं फेकलं. तुह्या बाबाच्या हातून हे व्हणार नाही, मले ठाऊक हाये. जनकाबाईची नजर गेली आता. तिले घरी बसव." मग म्हणाले, "अन् राग नको मानू. यापुढं मी सगळी पोती उघडून पाहीन."

मंजुश्रीने "हो काका" म्हणून फोन ठेवला. तिच्यावर कुणाचा संशय नव्हता. बाबांवरही नव्हता.

ट्रकच्या ड्रायव्हरकडून जनकाबाईंना आधीच कळले होते. पटांगणात बसून त्या सुतळीचे टोक डोळ्यांपाशी नेऊन पाहत होत्या.

"माह्याकडूनच झालं असन, मंजू. लाल बांधल्याचं मले आठवते. पण आठवणीचं काय, या वयात ते बी दगा देते. उद्यापासून सुनेले धाडीन."

मंजुश्री आत गेली. विश्वास, भागीदारी, माणसे जोडणे, या सगळ्यावर तिने आजवर पुष्कळ वाचले होते. आता त्यातले काही आठवत नव्हते. बाबांनी पोते उघडले नाही, एवढेच मनात फिरत होते.

दोन दिवसांनी पुढची गाडी भरली. एका पोत्याला किंचित ओल होती.

"मावशी, लाल बांधा."

"मीच?"

"तुम्हीच. अन् गाडीत बसा. शेगावले जायचं हाये."

जनकाबाईंनी भाकरी फडक्यात बांधून घेतली. "माफी मांगाचीच हाये तं उपाशीपोटी काऊन मांगाची?" म्हणत त्या केबिनमध्ये चढल्या. नांदुरा मागे टाकून ट्रक शेगावला पोचला.

गिरणीच्या फाटकाशी दोन माणसे पोती उघडायला विळे घेऊन उभीच होती. देवानंद खुर्चीतून उठले.

"हिले काऊन आणलं बेटा? म्हातारीनं माफी मांगावी असं कुठं म्हटलं मी?"

"काका, गिरणी बंद करा जरा."

गिरणी थांबली. कामगार वळून पाहू लागले.

"जनकामावशीनं लालच बांधली होती. पांढरी मी बांधली. पुण्याचे पाहुणे आले होते, मले लाज वाटली म्हणून. परत लाल बांधायची राहून गेली."

"म्हंजे माही नजर शाबूत हाये?" जनकाबाई म्हणाल्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला.

"शाबूत हाये, मावशी. दोन दिवसांआधीच सांगायले पाह्यजे होतं, नाही सांगतलं." ती पुन्हा देवानंदांकडे वळली. "तुम्ही सगळी पोती उघडा, काका. वर्षभर उघडा, मी उभी राहून दाखवीन. पण सुतळी मावशीच बांधतील. अन् आमच्या मालातली खोट तुम्हाले पहिले माह्या तोंडून समजन."

विळेवाला पोत्याशी वाकला होता, त्याला देवानंदांनी हातानेच थांबवले.

"शालूभाऊनं विचारलं नाही तुले?"

"विचारलं. मी वाळले म्हणून सांगतलं."

"अन् त्यानं उघडून नाही पाह्यलं?"

"नाही."

इथवर तिचा आवाज नीट होता. ट्रकचा फाळका उघडा होता आणि साखळी मोकळी लोंबत होती. ती तिकडेच पाहत होती.

"बाबा," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असे, "वाळले नव्हते."