केझायाचा नकार

केझायाने होकार दिला होता, असं पास्टर वेन आजही छातीठोकपणे सांगेल. होकार म्हणे. मंगळवारी तो तिच्या स्वयंपाकघरात बसला, भरपूर साखर घातलेला चहा दोन कप प्यायला, तव्यावरच्या गरम बॅनकचे, आमच्या जाड भाकरीचे, तीन तुकडे लोण्यासकट हाणले आणि म्हणाला, "केझाया, तुमच्या शेलीनला आमच्या उन्हाळी शिबिराला नेतो. दोनच आठवडे. घोडे आहेत, पोहायचा तलाव आहे. शनिवारी विमानात एक जागा रिकामी आहे. चालेल ना?" जन्मापासून तळ्याकाठी राहणाऱ्या पोरीला हा पोहायचा तलाव दाखवणार होता. केझाया खिडकीबाहेर बघत राहिली. मग उठली आणि त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

आता आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल की याचा अर्थ 'नाही' असा होतो. पाहुण्याला तोंडावर नाही म्हणायचं नाही, ही आमची रीत. विचारलेलं ऐकूच आलं नाही असं करायचं, चहा ओतायचा, वाऱ्याचं बोलायचं. समोरच्याला अक्कल असेल तर तो समजतो आणि विषय सोडून देतो. पास्टर वेन नऊ उन्हाळे या तळ्यावर आपलं विमान उतरवतोय. आमच्या भाषेतली स्तोत्रं त्याला तोंडपाठ आहेत. एवढी एक गोष्ट काही त्याच्या डोक्यात शिरली नाही. शिरली असली तरी ती त्याच्या सोयीची नव्हती.

शनिवारी सकाळी केझाया धुरीच्या तंबूत मासे टांगत होती. तेव्हा तिचा मावसभाऊ एनियास धक्क्यावरून लंगडत वर आला. विमानांचे दोर बांधणं-सोडणं हे त्याचं काम. तो आधी माशांकडे बघत राहिला. चांगले जाड मिळालेत म्हणाला. मग म्हणाला, "तुझी नात विमानात बसलीय."

"कुठल्या विमानात?"

"पास्टरच्या. पट्टाबिट्टा लावून. मला वाटलं, तुला माहीत असेल."

"आणि माशांचं काय कौतुक लावलंस मघापासून? पळत येऊन सांगायला काय झालं होतं?"

"गुडघा दुखतोय," एनियास म्हणाला. "आणि पोर तुझी. मी मधे कशाला पडू?"

केझायाने सुरी फळीवर टाकली आणि निघाली. कोपरापर्यंत खवले चिकटलेले, तसेच. उतरणीवर तिला आधी स्वतःचाच संताप आला. साठ वर्षांपूर्वी तिच्या आईनेही एका पाहुण्याला असाच चहा ओतला होता. तोसुद्धा विमानातूनच आला होता, त्यानेसुद्धा 'चालेल ना' असंच विचारलं होतं, आणि आई गप्प राहिली म्हणून आभार मानून सात वर्षांच्या केझायाला दूरच्या मिशनच्या शाळेत घेऊन गेला होता. हे सगळं ठाऊक असून आपण मंगळवारी किटली उचलली. गाढव आहोत आपण, ती मनाशी म्हणाली, आणि ते अर्ध्या वाटेपर्यंत म्हणत राहिली.

धक्क्यावर पास्टर वेन बाहुल्यांच्या खेळाच्या पेट्या आत चढवत होता. खिडकीत शेलीन दिसली. अकरा वर्षांची, डोक्यावर नवी गुलाबी टोपी. टोपी अर्थात पास्टरची.

"या, केझाया. निरोप द्यायला आलात, बरं झालं."

केझाया त्याला ओलांडून खिडकीपाशी गेली. तिने नातीला हाक मारली. "शेलीन, निम्मे मासे अजून तसेच पडलेत."

आमच्याकडे एवढं पुरतं. शेलीनलाही ते कळलं, पण तिने मान दुसरीकडे वळवली. "दोन आठवड्यांनी येतेच की, आजी."

"तुझी आई शहरात दवाखान्याशेजारच्या खोलीत बाळंतपणाची वाट बघत बसलीय. तिला काय सांगू?"

"तिला सांग मी घोड्यावर बसले."

"मंगळवारी मी काय केलं, ते तू बघितलं होतंस."

"बघितलं ना. तू त्यांना नाही म्हणालीस," शेलीन म्हणाली. "मला कुठे म्हणालीस?"

पोरगी हुशार, आणि म्हणत होती त्यात खोट नव्हती. पोरांवरही आम्ही जबरदस्ती करत नाही. आठ वर्षांचं पोर आजपासून काकाकडे राहतो म्हणालं तर त्याचं पांघरूण काकाकडे पोचवतात. धक्क्यावर जमलेली दहाबारा माणसं तळ्याकडे बघत उभी होती. कोणी मधे पडणार नव्हतं.

पास्टरने खिशातून घडी केलेला कागद काढला. "हे बघा, सगळं रीतसर आहे. इथे लिहिलंय, आजीची तोंडी संमती."

"तोंडी?" केझाया म्हणाली. "माझ्या तोंडातून काय बाहेर पडलं होतं?"

"तुम्ही नाही म्हणाला नव्हतात."

"मग आत्ता म्हणते. नाही."

आयुष्यात पहिल्यांदाच तिने हा शब्द पाहुण्याच्या तोंडावर मारला होता. एनियासने मान खाली घातली. पास्टर मात्र हसला, रडव्या पोराकडे बघून हसतात तसा. "तुम्ही दमला आहात. आपण असं करू, शेलीनलाच विचारू. शेलीन, तुला यायचंय ना?"

"यायचंय."

"झालं तर मग. वारा वाढायच्या आत निघायला हवं. एनियास, दोर सोड."

एनियास जागचा हलला नाही. "गुडघा दुखतोय," तो म्हणाला.

पास्टर स्वतः वाकून दोर सोडू लागला. तेवढ्यात केझायाने धक्क्यावरून विमानाच्या तरंगत्या पायावर पाय टाकला आणि पंखाखालचा दांडा दोन्ही हातांनी धरला. सदुसष्टाव्या वर्षी. विमान कलंडल्यासारखं हललं.

"केझाया, उतरा. पडाल."

"चालू कर की. बघू कसं करतोस."

"मी त्या शाळावाल्यांतला नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

"नसशील. मी तुझी परीक्षा घेत बसू? तो फादरसुद्धा हसरा होता. गोळ्या वाटायचा. दहा महिने म्हणाला होता, मी दहा वर्षांनी परत आले. तिथे आपली भाषा बोललं की मार पडायचा. आईने माझ्यासमोर ताट ठेवलं आणि जेव म्हणाली. माझी आई मला जेव म्हणत होती, आणि ती काय म्हणतेय हे मला कळत नव्हतं. आणि तू माझ्या घरी बसून माझा चहा पितोस, आणि मी गप्प राहिले तर कागदावर माझं तोंड लिहितोस?" आवाज पार दुसऱ्या काठापर्यंत गेला असेल. "पोरगी जाऊ दे म्हणाली तरी नाही. पोरगी रडली तरी नाही. तुझ्या देवाने येऊन विचारलं तरी त्यालाही हेच सांगेन. उतरव तिला."

पास्टरने एकदा जमलेल्या माणसांकडे बघितलं. आता ती तळ्याकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती. त्याने दार उघडलं.

शेलीन खाली आली ती तणतणतच. टोपी तिने पाण्यात भिरकावली आणि मागे न बघता चढणीला लागली. विमान उडून दिसेनासं होईपर्यंत केझाया धक्क्यावर थांबली, मग घरी गेली.

तंबूपाशी शेलीन तिची वाटच बघत होती. रडून रडून चेहरा सुजला होता. "सगळ्या गावासमोर माझी शोभा केलीस. मला घोडे बघायचे होते. घोडे, आजी. मी तुझ्याशी कधीच नीट वागणार नाही."

"बरं."

"बरं काय? मला तुझा राग आलाय."

"तोंडात येईल ते बोल," केझाया म्हणाली. "मीही परत आले तेव्हा मला आईवर ओरडायचं होतं. का पाठवलंस म्हणून विचारायचं होतं. आई अशीच समोर उभी होती, आणि ओरडायला माझ्याकडे तिच्या भाषेतला एक शब्द नव्हता."

 कीव करावी की नाही, हे शेलीनला ठरवता येईना, आणि अकराव्या वर्षी रागच जिंकतो. तिने तोंड सोडलं. म्हातारे, कुत्र्याच्या तोंडाचे, सडक्या माशाचे, एकाहून एक, अस्सल आमच्या भाषेत, एकही शब्द बाहेरचा नाही.

केझाया हात पुसत उभी राहिली आणि तिने सगळं ऐकून घेतलं.