मुद्दाम तडकवलेली बरणी

मित्रांनो, मी चीनमध्ये भाजलेली एक जुनी बरणी. आता स्वतःला बरणी म्हणावं की नाही, मला ठाऊक नाही. तरी ऐका.

कारागिराने माझ्या पोटावर सारस आणि पीचचं फळ रंगवलं. तिकडे ताओ पंथाचे लोक त्यांना दीर्घायुष्याची खूण मानतात. मग मला भाजलं. माझ्यावरची काचेसारखी झिलई गार होताना आकसली आणि टिंग टिंग करत तिच्यावर बारीक तड्यांचं जाळं पडलं. कारागीर खूश झाला. त्याला तेच हवं होतं. आतून मी शाबूत होते.

मधूकाकांच्या आजोबांनी मला मुंबईच्या गोदीतून कर्जतला आणलं. मधूकाका निवृत्त शिक्षक. माझी सगळी माहिती त्यांनी पुस्तकांतून शोधली, पण घरात कुणाला सांगितली नाही. लोक हसतील असं त्यांना वाटे. रोज मला मऊ फडक्याने पुसत, सारसावर बोट फिरवत.

यंदा त्यांच्या मुलाने, मिहीरने, शेलूला फ्लॅट घेतला. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी मधूकाकांच्या पत्नीने, शैलाकाकूंनी, मला उचललं.

"तडा गेलेलं भांडं नव्या घरात नको. आणि हिला काय एक तडा आहे?"

"काकू, मला द्या की," कामाला येणारी छाया म्हणाली. "पाणी गळत नाय तिच्यातून. आमी बियाणं ठेवू."

"आपल्याला नको ते तुझ्या घरात घालू होय गं? नदीत सोडू या. अहो, चालेल ना?"

मी मधूकाकांकडे पाहिलं. एकच वाक्य हवं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तू म्हणशील तसं," ते म्हणाले.

उल्हास नदीच्या पुलावर मिहीर थांबला. "बाबा, तुमची लाडकी ना ही? तुम्हीच सोडा."

काकांनी मला कठड्यावर धरलं. सारसावरून एकदा बोट फिरवलं.

"मिहीर, हे तडे..."

तेवढ्यात मी निसटले. खाली पाणी कमी होतं, खडक जास्त.

"काय म्हणत होतात, बाबा?"

"तडे मुद्दाम पाडलेले होते रे. ती फुटकी नव्हती."

मिहीरने खाली खडकांवरच्या तुकड्यांकडे पाहिलं. "मग घरी का नाही बोललात?"

काकांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

मित्रांनो, माझा त्यांच्यावर राग नाही. माझ्यावर त्यांच्याइतकी माया कुणीच केली नाही. पण तुमच्या घरातून एखादी वस्तू, एखादं माणूस नको म्हणून निघत असेल आणि त्याचं खरं मोल तुम्हाला ठाऊक असेल, तर आवाज कापरा झाला तरी बोला. ज्याला काढत असतात, ते तुमच्याकडेच बघत असतं.